वाबळे नानांचा पिवळा

वाबळे नाना ऑफिसात आले की आधी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढायचे, पुडीतून गुळाचा खडा काढायचे आणि तो मॉनिटरच्या काचेला लावून उभे राहायचे. एक डोळा मिटून. मग खडा जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मग ट्यूबलाइटकडे पाठ करून, मग तोंड करून. शेवटी मान हलवून म्हणायचे, "न्हाई. अजून शेणाकडं झुकतोय." आणि खडा तोंडात टाकून कामाला बसायचे.

हे सगळं चालायचं कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये. आवारात साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना हा माणूस घरून गूळ घेऊन यायचा. त्यामुळे आमच्या मॉनिटरला मुंग्या लागत. कीबोर्डच्या एका फटीतून त्या निघत आणि दुसऱ्या फटीत शिरत. एकदा अकौंट्सचे साहेब काही विचारायला म्हणून टेबलावर हात टेकून उभे राहिले आणि त्यांच्या मनगटाला मुंगी चावली, तेव्हा सेक्शनमध्ये खाद्यपदार्थ आणू नयेत असं परिपत्रक निघालं. नानांनी ते शांतपणे वाचलं, खाली सही केली आणि मला म्हणाले, "हा खाद्यपदार्थ न्हाई, भाऊसाहेब. नमुना हाय."

भाऊसाहेब म्हणजे मी. माझं नाव वेगळं आहे, पण नाना त्यांच्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येकाला भाऊसाहेबच म्हणत आणि अहोजाहो करत. त्यांच्या हाताखाली मी काही हंगाम काढले. आता नगरला नोकरी करतो. ऑफिसला काचेची दारं आहेत, पडद्यावर लाखो रंग आहेत, पण त्यातला प्रत्येक रंग म्हणजे नुसता एक आकडा. नानांच्या रंगांना नावं होती. मळीचा काळा, वाळल्या पाचटाचा, पोळ्याच्या बैलाच्या शिंगाचा, पावसाळ्यातल्या गोदावरीच्या पाण्याचा. बिघडलेल्या रंगांची नावं तर जास्तच चांगली असत. कालच्या आमटीचा. कावीळ झालेला. आणि एक रंग होता सासऱ्याच्या फेट्याचा, तो लागला की नाना दोन मिनिटं हसत बसायचे आणि मग पुसून टाकायचे.

तर या रंगांची भानगड काय, ते सांगतो. कारखान्याचे जुने प्रोग्रॅम सांभाळणं हे नानांचं काम. त्यासाठी ते कॉम्प्युटरवर फक्त एक काळी खिडकी उघडत. तिला टर्मिनल म्हणतात. तिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती अक्षरं. त्या अक्षरांतच एक एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही, चालतो आणि तोही नुसत्या कळांवर. नानांच्या टेबलावर माऊस होता, पण तो थंडीत गारठू नये अशा बेताने त्यांनी त्याच्यावर रुमाल पांघरला होता. या एडिटरला रंगसंगती लावता येते. आमच्यासारखी माणसं मिळेल ती तयार रंगसंगती लावतात आणि कामाला लागतात. नानांना एकच रंग हवा होता. काळ्यावर पिवळा. कोणता पिवळा, तिथं सगळं अडलं होतं.

तो पिवळा त्यांनी पाहिलेला होता. सेक्शन नवं होतं तेव्हाची गोष्ट. त्या वेळी चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. आत एसी होता, तो मशीनसाठी, आणि त्याची हवा माणसांना फुकटात मिळते म्हणून बाकीची खाती आमच्या सेक्शनवर जळायची. टर्मिनल तेव्हा खिडकी नव्हती, पडदा आणि कळा असलेलं अख्खं यंत्र होतं. खंडेनवमीला प्रत्येक टर्मिनलला झेंडूची माळ आणि हळदीकुंकू. प्रिंटर सुरू झाला की बोलणं बंद करावं लागे, एवढा कर्कश. काही टर्मिनलांवर हिरवी अक्षरं उमटत आणि काहींवर पिवळी. नानांच्या वाट्याला हिरवं आलं. पिवळ्यावर बसायच्या शकुंतलाबाई, उसाच्या वजनाच्या पावत्या भरायला नव्याने लागलेल्या.

"माझ्या नशिबी कोथिंबीर आन् तिच्या नशिबी गूळ," असं नाना सांगायचे. त्या वर्षी नानांचं टर्मिनल फार बिघडायचं म्हणे. बिघडलं की दुरुस्त होईपर्यंत त्यांना शकुंतलाबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसावं लागायचं. पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटायच्या आत दोघांचं लग्न झालं आणि टर्मिनल बिघडायचं थांबलं.

मी कारखान्यात लागलो तेव्हा ती डबडी कधीच भंगारात गेली होती, शकुंतलाबाईंनीही, म्हणजे आमच्या काकूंनीही, मुदतीआधी नोकरी सोडली होती. राहिले होते नाना आणि त्यांच्या डोक्यातला तो पिवळा. नव्या मॉनिटरवर तो काही केल्या उमटत नव्हता. नाना एडिटरला सांगत, हा पिवळा दे. पडद्यावर मात्र भलताच कुठला तरी उमटे. कधी तपकिरी, कधी पोपटी, कधी अक्षराच्या मागे काळ्याऐवजी राखाडी ठिगळं. एडिटर रंग मागतो, पण दाखवतं टर्मिनल. टर्मिनलने म्हटलं की मला एवढे रंग येत नाहीत, की एडिटर बिचारा त्याला येत असलेल्यातला जवळचा रंग घेतो. त्यात आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचं. चालू काम मध्येच तुटू नये म्हणून नानांनी दोघांच्या मध्ये आणखी एक प्रोग्रॅम बसवला होता. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगणं हे त्याचं काम. रंगांच्या बाबतीत तो काहीच्या बाही सांगतो, असा नानांचा संशय होता.

"एडिटर खरा हाय. टर्मिनलबी खरं हाय. मधला खोटं बोलतोय," हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते मला जगाच्या एकूण व्यवहाराबद्दलचं वाटायला लागलं. नानांनाही ते तसंच वाटत होतं. गॅसची टाकी उशिरा आली, मधला खोटं बोलतोय. शिर्डीची बस चुकली, मधला खोटं बोलतोय. माझं एक ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हा मी चार दिवस तोंड पाडून बसलो होतो. नानांनी मला कँटीनला नेलं, भजी मागवली, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाय, तुमी चांगले हायेत. मध्ये कोन हुतं?" मध्ये माझा मामा होता. नानांनी नुसती मान हलवली. पुढच्या वर्षी त्याच मुलीशी माझं लग्न झालं, पण तो मजकूर वेगळा.

नाना एवढ्यावर थांबले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण आमच्या सेक्शनची एक जुनी रीत होती. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन. सेक्शन सुरू झाल्यापासून पासवर्डही तोच. चहा आणणाऱ्यालाही तो पाठ होता, कारण चहा सांडला की पुन्हा लॉगिन करून द्यायचं काम त्याच्याकडे असे. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटरही त्याच लॉगिनवर चालायचा. एके दिवशी सकाळी नानांना एक युक्ती सुचली. एडिटरच्या नादी लागण्यापेक्षा टर्मिनललाच थेट सांगायचं की तुझ्याकडचा पिवळा बदल, तुझा काळा बदल. लॉगिन होताच हे आपोआप व्हावं म्हणून त्यांनी ते सामायिक खात्यातच लिहून टाकलं. आमच्या पडद्यावर रंग त्या दिवशी बराच जमला. नाना खूश होऊन सगळ्यांना चहा सांगून आले.

काट्यावरचा कॉम्प्युटर जुना. त्याला हे बोलणं निम्मंच समजलं. त्याने अक्षरंही काळी केली आणि मागचा पडदाही काळा. थोड्या वेळाने काट्यावरच्या सोपानचा फोन आला. तो घाईघाईने सांगत होता की यंत्र चालू आहे, पंखा फिरतोय, पण आकडे दिसत नाहीत. गळीत हंगाम ऐन भरात होता. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या काट्यापासून पार रस्त्यापर्यंत लागल्या. ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले, बैल उसाचे हिरवे शेंडे, वाढं, ओढून खायला लागले आणि एका शेतकऱ्याने, ऊस वाळून वजन घटलं तर कुणाच्या दारात बसू, असा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला. नाना काट्याकडे धावत गेले. मीही मागून गेलो. सोपानने आपल्या बुद्धीने पडद्यावर बॅटरीचा झोत मारला होता आणि तो काळ्यावरचं काळं वाचायचा प्रयत्न करत होता.

नानांनी खाली बसून, आंधळेपणानेच, पडद्यावर काही दिसत नसताना, चार ओळी टाइप केल्या आणि सगळं पूर्ववत केलं. आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं तेव्हा नानांनी त्यांनाही मधल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण साहेब ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. निवृत्ती जवळ आली आहे, उरलेले दिवस नीट काढा, असं त्यांनी नानांना सर्वांदेखत सुनावलं.

मलाही राग आला होता. आमच्या सेक्शनची कारखानाभर टिंगल चालली होती आणि नाना खुर्चीत बसून पुन्हा त्या काळ्या खिडकीकडे बघत होते. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की नाना, एका पिवळ्यासाठी एवढं काय आहे? जगात दुसरे रंग नाहीत का?

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात सांगितलं. काकूंची शुगर जुनी. ती डोळ्यांत उतरली होती. आधी बारीक अक्षर गेलं, मग मोठं गेलं, मग समोरच्याचा चेहरा धूसर झाला. नगरच्या डॉक्टरांनी सगळे उपाय करून झाल्यावर एवढंच सांगितलं होतं की काळ्यावर पिवळी ठळक अक्षरं असतील तर कदाचित काही दिवस वाचता येतील. डॉक्टर सहज बोलून गेले असतील. नानांनी ते धरून ठेवलं. काकूंना आपण लिहिलेलं आपल्याला वाचता आलं पाहिजे असं वाटत होतं. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं.

मी म्हटलं, मग मोबाईलवर अक्षरं मोठी करून द्या की, तोही काळा करता येतो.

"मोबाईलला कळा कुठं हायत?" नाना म्हणाले. "तिची बोटं कळांवर चालत्यात, भाऊसाहेब. ती काचेवर बोट फिरवीत बसली तर तिला आंधळ्यासारखं वाटतं."

मग मात्र मी त्या पिवळ्याच्या मागे लागलो. नानांच्या लॅपटॉपवर करून द्यायचं ठरलं, म्हणजे काट्याचा संबंध नको. संध्याकाळी सुट्टी झाली की मी त्यांच्याबरोबर कॉलनीतल्या क्वार्टरवर जायचो. दारात मोगऱ्याचा वेल, व्हरांड्यात सायकल आणि सगळीकडे मळीचा तो आंबूस वास, जो बाहेरच्या माणसाला सहन होत नाही आणि आम्हाला तो नसला की चुकल्यासारखं होतं. अजूनही नगरहून येताना कारखान्याच्या वळणावर तो आला की मी गाडीची काच खाली करतो.

काकू स्वयंपाकघरात सरावाने वावरायच्या. मिठाचा डबा कुठला, हळदीचा कुठला, हात बरोबर जायचा. दाराकडे बघून विचारायच्या, "भाऊसाहेब का? पोहे टाकते." मग लॅपटॉपपाशी येऊन बसत आणि टाइप करत. काय तो वेग! वर्षानुवर्षं पावत्या भरलेले हात. त्या काळ्या खिडकीत मराठी अक्षरं धड उमटत नाहीत, मात्रा एकीकडे आणि काना दुसरीकडे पळतो, म्हणून काकू इंग्रजी लिपीत मराठी लिहायच्या. भाजीवाली आली होती, मेथी कडू निघाली, मुलीचा फोन आला, असं दिवसभराचं साधंच काहीतरी. लिहून झालं की त्या पडद्यावर वाकत. नाना शेजारी कळेवर बोट ठेवून बसलेले. काकू म्हणत, "जरा फिका वाटतोय." नाना आकडा बदलत. "आता जरा भडक झाला." नाना पुन्हा बदलत. दोघं असे तासभर बसत आणि मी पोहे खात मधल्या प्रोग्रॅमच्या खोड्या शोधत बसे.

एका संध्याकाळी खोड सापडली. नानांचा संशय अगदी बरोबर होता. मधला प्रोग्रॅम टर्मिनलची खरी ओळख लपवून, पुढचं यंत्र फार जुनं आहे, याला थोडेच रंग येतात, असं एडिटरला सांगत होता. मी त्याला खरं बोलायला लावलं, एडिटर पुन्हा उघडला आणि काळ्या खिडकीत पिवळा उतरला. तपकिरी नाही, पोपटी नाही. मी ती जुनी टर्मिनलं कधी पाहिली नव्हती, पण नानांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की हाच तो. त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

काकूंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या, बसल्या आणि भराभर टाइप केलं, आज भाऊसाहेब आले, पोहे केले, शेंगदाणे जास्त पडले. मग वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हां," काकू म्हणाल्या. "आज बरा आहे. थोडा पिवळेपणा कमी करा, म्हणजे झालं."

नानांनी एक आकडा कमी केला. काकू म्हणाल्या की आता छान दिसतंय, आणि माझ्यासाठी आणखी पोहे आणायला आत गेल्या. मला इतका आनंद झाला होता की मी नानांच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात कॉम्प्युटरवर मी पुष्कळ कामं केली असतील, पण असं समाधान दुसऱ्या कशाने झालेलं आठवत नाही.

निघालो तेव्हा नाना फाटकापर्यंत सोडायला आले. कारखान्याचा पाळीचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. मी म्हणत होतो की आता अक्षर आणखी मोठं करून देऊ, उद्या तेवढं करतो. नाना फाटकाची कडी हातात धरून उभे होते.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "काल लॅपटॉपची बॅटरी उतरली हुती. पडदा बंदच हुता. माझ्या ध्यानात यायच्या आत ती येऊन बसली. टाइप केलं. वाकून बघितलं आन् म्हनली, आज बरा आहे, थोडा पिवळेपणा कमी करा."

मला पटकन काही समजेना. समजलं तेव्हा विचारलं, मग आज मला कशाला बोलावलंत, नाना? एवढी खटपट कशासाठी?

"तिला वाटतं मला कळलं न्हाई. वाटू द्या." नाना कडीकडे बघत म्हणाले. "पन रोज निजायच्या आधी ती विचारती, आज कोनता रंग लावला? मग मी सांगतो, अमक्यासारखा, तमक्यासारखा. तिला ते लई आवडतं. आता तिनं विचारलं आन् पडद्यावर तो रंगच नसला, तर मी काय सांगू? तिच्याशी खोटं न्हाई बोलता येत मला."

त्यांनी फाटक लावून घेतलं आणि ते आत गेले. मी सायकलला किल्ली लावत तिथेच रेंगाळलो. व्हरांड्याची खिडकी उघडी होती. आत काकू खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, तोंड जरा वर करून.

"आज कोणता हो?" त्यांनी विचारलं.

चष्मा कपाळावर सरकवून नाना पडद्याजवळ वाकले, नीट बघून घेतलं, आणि मग सावकाश सांगू लागले.